ठोकळ्यांचे चालते यंत्र

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



माझ्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून काही मंडळींनी स्मित केल्याचे माझ्या कानी आले आहे. पस्तीस वर्षे शाळेत अंकगणित शिकविलेल्या आणि स्वतः मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या मास्तराने पालकांची कर्तव्ये किंवा अक्षराचे वळण यांवर बोलावे, ही अपेक्षा रास्तच होय. तथापि मुलांच्या खेळण्यातील ठोकळ्यांतून दोन पायांवर चालणारे, मोटारीचे यंत्र कसे घडते, एवढेच मी आज सांगणार आहे. माझी नात इयत्ता नववीत आहे. तिने ते यंत्र दिवाळीच्या सुटीत घडविले आणि मी शेजारी बसून पाहिले. माझ्या वाट्याचे काम गप्प बसण्याचे होते. आणि मास्तरकी केलेल्या माणसास याहून अवघड काम दुसरे नाही.

प्रथम चालण्याविषयी. आपण पाऊल उचलतो तेव्हा शरीराचा सारा भार एका पायावर येतो. परंतु तो भार त्या पायाच्या सरळ वर नेहमीच नसतो, पुढे झुकतो; दुसरे पाऊल वेळेवर पडते म्हणूनच आपण सावरतो. चालणे म्हणजे क्षणोक्षणी सावरलेले पडणे होय. मुलास हे साधावयास वर्षभर लागते. यंत्रास शिकविताना तर मोठमोठ्यांची दमछाक झाली. जपानातील वासेदा विद्यापीठात १९७३ साली वाबोट-१ नावाचा मानवाकृती यंत्रमानव तयार झाला. होंडा कंपनीने १९८६ साली हे काम हाती घेतले, तेव्हा तिच्या पहिल्या यंत्रास एकेका पावलाला सुमारे पाच सेकंद लागत. ख्याती पावलेला असिमो त्यानंतर चौदा वर्षांनी, २००० साली जगापुढे आला. उलट टॅड मॅक्गीर या संशोधकाने १९९० साली मोटार न लावता, केवळ सौम्य उतारावर आपल्याच वजनाने चालत जाणारे पाय करून दाखविले. त्यांतील गंमत मला असिमोपेक्षाही अधिक वाटते.

आता ठोकळ्यांविषयी थोडेसे. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांस मेकॅनो आठवत असेल. भोके पाडलेल्या पट्ट्या, स्क्रू आणि नट यांच्या त्या खेळण्याचे पेटंट इंग्लंडातील फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली घेतले. लेगो हे त्याचे धाकटे भावंड म्हणावयास हरकत नाही. डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले कर्क क्रिस्टियानसेन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला. ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून ‘लेगो’ हे नाव पडले. आजच्या ठोकळ्याचे पेटंट २८ जानेवारी १९५८ या दिवशी दाखल झाले. दंतचक्रे, आस आणि भोकांच्या पट्ट्या असलेला यांत्रिक संच १९७७ साली निघाला. या साऱ्याचा पाया आठ मिलिमीटरांचा : दोन भोकांतील अंतर आठ मिलिमीटर, न कमी न अधिक. हा आकडा पुढे कामी येणार आहे, तो कृपया ध्यानात ठेवावा.

हे संच महाग असतात. आमच्याकडील पेटी नातेवाइकांकडून वापरलेली आली, तिच्यातील पुस्तिका हरवलेली होती, आणि ती हरवली हे फार बरे झाले. हल्ली यंत्रमानव शिकविणारे वर्ग निघाले आहेत. त्यांपैकी एका वर्गात, ज्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, माझी नात दोन महिने जात असे. तेथे चित्र क्रमांक एक पाहून पहिला ठोकळा, चित्र क्रमांक दोन पाहून दुसरा, असे करीत शेवटी सर्वांची एकसारखी गाडी तयार होई. ती का चालते, हे कोणी विचारीत नसे. हे म्हणजे उत्तरे पाहून गणिते उतरविणे झाले.

घरी मात्र वेगळाच पेच होता. पुढील वर्षी दहावी. तेव्हा तिच्या वडिलांनी स्पष्ट बजावले होते की, सुटी संपेपर्यंत यंत्र टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चालले तर पेटी खाली राहील, नाही तर ती माळ्यावर जाईल. माझ्या मुलाची काळजी मला समजते. पोरीची तळमळही समजत होती. अशा वेळी म्हाताऱ्याने कोणाची बाजू घ्यावी?

तिने प्रथम पाय केले. वाफेच्या इंजिनाच्या चाकांना जोडणारा दांडा आपण पाहिला असेल. चाके फिरतात, दांड्याचा प्रत्येक बिंदू वर्तुळात फिरतो, परंतु दांडा स्वतः कधी तिरपा होत नाही. यंत्राचा पाय म्हणजे तोच दांडा, उभा केलेला. कमरेत एकाखाली एक असे दोन आस, प्रत्येकाच्या टोकाला आठ मिलिमीटरांचा क्रँक, आणि दोन्ही क्रँकना अडकविलेली पट्टी हा पाय. पाय खाली असताना मागे सरतो व देह पुढे जातो. वर असताना पुढे येतो. दुसऱ्या बाजूचे क्रँक बरोबर उलट दिशेला, म्हणजे अर्ध्या फेऱ्याच्या अंतराने बसवावयाचे. दोन्ही आस एकाच दिशेने फिरावेत म्हणून त्यांच्या दोन समान चक्रांच्या मध्ये तिसरे चक्र लागते. ते नसेल तर एक आस उजवीकडे व दुसरा डावीकडे फिरू पाहतो आणि सारे जागच्या जागी अडकते. हे तिने तासाभरात आपले आपणच शोधले.

मग वेग. नऊ व्होल्टांवर चालणारी ती लहान मोटार भार नसताना मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेते. आठ दात्यांचे चक्र चोवीस दात्यांच्या चक्राला लावले तर वेग तिसरा हिस्सा होतो, म्हणजे १३३ फेरे. एका फेऱ्यात दोन पावले, तेव्हा मिनिटाला २६६ पावले! यंत्र चालण्याऐवजी फडफडले. त्यावर तिने मळसूत्री चक्र घातले. त्याच्या एका फेऱ्यात चोवीस दात्यांचे चक्र एकच दाता सरकते. म्हणून वेग चोविसावा हिस्सा, सुमारे १७ फेरे. मळसूत्राचा आणखी एक गुण असा की, मोटार चक्राला फिरविते, पण चक्र मोटारीला फिरवू शकत नाही. त्यामुळे अर्ध्या पावलात वीज बंद केली तरी यंत्र देहाच्या भाराने खचत नाही. अवगुणही आहे : पुष्कळशी शक्ती घर्षणातच खर्ची पडते.

खरी कसोटी तोलाची होती. एक पाय उचलताच यंत्र त्या उचललेल्या बाजूला कोसळे. आपण कंबर सरकवून भार दुसऱ्या पायावर नेतो. यंत्राला कंबर सरकविता येत नव्हती. तेव्हा तिने पावलेच एकमेकांच्या हद्दीत नेण्याची युक्ती काढली. उजव्या पावलाला पुढच्या टोकापाशी एक फाटा डावीकडे, डाव्या पावलाला मागच्या टोकापाशी एक फाटा उजवीकडे. दिसावयास सुबक, पण उजव्या पायावर उभे राहताच यंत्र डावीकडे मागल्या कोपऱ्यात तिरपे पडे, आणि डाव्या पायावर उजवीकडे पुढे. असे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी ती रडकुंडीला आली.

उत्तर माझ्या जिभेवर होते. मी ते गिळले आणि घराचे काम चालू असताना गवंडी विसरून गेला होता तो ओळंबा तिच्यापुढे ठेवला. ‘‘आजोबा, याचे काय करू?’’ तिने विचारले. ‘‘तुला वाटेल ते कर, बाळ,’’ मी म्हणालो.

तिने यंत्र हातात धरून कमरेच्या मध्यापासून ओळंबा सोडला. खाली कागदावर उजव्या पावलाची तिन्ही टोके खुणावून पट्टीने जोडली. त्रिकोण झाला, आणि ओळंब्याचे टोक त्रिकोणाच्या बाहेर पडलेले दिसले. ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. भूमितीच्या वहीत तिने शेकडो त्रिकोण काढले असतील. पण ज्याच्या आत-बाहेर होण्यावर उभे राहणे वा पडणे अवलंबून आहे, असा हा तिचा पहिलाच त्रिकोण.

संध्याकाळी नवी पावले झाली. उजव्या पावलाला पुढे व मागे असे दोन फाटे, चौकटीची एक बाजू मोकळी सोडावी तसे. डाव्या पावलाला मध्यावर एकच फाटा, जो त्या दोहोंच्या मध्ये जातो. पावले एकमेकांपासून पुढे-मागे दोन क्रँकांइतकी, म्हणजे सोळा मिलिमीटर सरकतात. म्हणून फाट्यांत प्रत्येक बाजूस तीन भोकांचे, चोवीस मिलिमीटरांचे अंतर तिने राखले. आता कोणताही पाय टेकला तरी ओळंबा त्याच्या आधाराच्या आत. सहा सेलची पेटी तिने हौसेने पाठीवर दप्तरासारखी बांधली होती. ती काढून दोन पायांच्या मध्ये आणली, तेव्हा मागे कलणेही थांबले. गुळगुळीत टेबलावर पावले घसरत. मी सायकलच्या ट्यूबची पट्टी सुचविली, ती तिने बाणेदारपणे नाकारली; बाहेरचे काही लावावयाचे नाही! पेटीतल्याच लहान टायरांचे रबर तिने तळाला बसविले.

सुटी संपण्याच्या आदल्या रात्री सारे घर टेबलाभोवती जमले. टेबल १२० सेंटिमीटरांचे. एका फेऱ्यात दोन पावले, प्रत्येक १६ मिलिमीटरांचे, म्हणजे फेऱ्याला ३२. मिनिटाला १७ फेऱ्यांनी ५४ सेंटिमीटर. तेव्हा २ मिनिटे १२ सेकंद लागावेत, असे तिने वहीत आधीच मांडले होते. यंत्र डुलत डुलत निघाले. मध्यावर एका पावलाचा फाटा दुसऱ्याला निसटता घासला, तेव्हा तिच्या वडिलांचा हात नकळत पुढे झाला होता. तिने तो अडविला. यंत्र पलीकडच्या कडेला पोहोचले ते २ मिनिटे ५० सेकंदांनी.

टाळ्या झाल्या, पण पोरीचे समाधान होईना. अडतीस सेकंद गेले कोठे? तिने पुन्हा यंत्र सोडले आणि फेरे मोजले. भाराखाली मोटार मंदावून ते १४ भरत होते. त्या हिशेबाने २ मिनिटे ४१ सेकंद. उरलेले नऊ सेकंद पावलांच्या घसरण्याचे, असा निर्णय तिच्या वडिलांनी दिला. तोपर्यंत ते स्वतः खुर्ची ओढून टेबलाशी बसले होते.

पेटी खालीच आहे. सध्या प्रश्न आहे तो वळण्याचा. दोन्ही पाय एकाच मोटारीला बांधलेले असल्याने यंत्र सरळच जाते. दुसरी मोटार घालावी तर वजन वाढते आणि दोन पायांचा मेळ सुटतो. एकच ठेवून एका पावलाखाली फिरती चकती लावावी, असे तिच्या मनात आहे. जमते की नाही ते पाहावयाचे.