रागाचा क्षण आणि कायद्याची कसोटी

गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभामुळे आत्मसंयम सुटून कोणी जीव घेतला, तर कायदा ते कृत्य खून न मानता सदोष मनुष्यवध मानतो आणि शिक्षा सौम्य होऊ शकते. या सवलतीची सीमा ठरली ती मुंबईतल्या नानावटी खटल्यात.

२७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर के. एम. नानावटी यांना पत्नीने प्रेम आहुजा यांच्याशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. नानावटींनी कुटुंबाला सिनेमागृहात सोडले, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतले आणि आहुजांचे घर गाठले. तिथे आहुजा गोळ्या लागून मरण पावले. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. वर्तमानपत्रांनी तापवलेल्या लोकभावनेचा त्यात वाटा नव्हता, असे म्हणणे अवघडच. सत्र न्यायाधीशांनी निर्णय अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे जन्मठेप झाली.

१९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. न्यायालयाने दोन गोष्टी पाहिल्या. त्याच समाजातल्या समंजस माणसाचा तोल त्या परिस्थितीत सुटला असता का? आणि प्राणघातक कृती रागाच्या भरात झाली, की राग निवळायला वेळ मिळाल्यावर? कबुली आणि गोळीबार यांत सुमारे तीन तास गेले होते.

१९६४ मध्ये राज्यपालांनी नानावटींना माफी दिली. प्रक्षोभाचा अपवाद आज भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये आहे.