अनाथ पोराची मूठ
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मध्य फ्रान्समधील क्रझ जिल्ह्यात, उंच पठारावर, जांत्यू नावाचे लहानसे गाव आहे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावकऱ्यांचे स्मारक तेथे १९२२ साली उभे राहिले. स्तंभावर मृतांची नावे आहेत. पण खाली बंदूकधारी सैनिक नाही की विजयदेवता नाही. अंगात शाळेचा डगला, पायांत लाकडी खडावा, एका हातात काढलेली टोपी, असा एक अनाथ मुलगा तेथे उभा आहे. त्याची दुसरी मूठ स्तंभावरील शब्दांकडे रोखलेली आहे : ‘शापित असो युद्ध.’

या युद्धात फ्रान्सचे तेरा-चौदा लाख सैनिक मेले. सुमारे ६ लाख स्त्रिया विधवा झाल्या. पोरक्या मुलांसाठी ‘राष्ट्राची पाल्ये’ असा दर्जा निर्माण करणारा कायदा १९१७ सालीच करावा लागला. पुढे गावोगाव स्मारके झाली. १९१९ च्या कायद्याने सरकारी अनुदान मिळू लागले आणि ओतशाळांनी सूचीपत्रे छापून साच्यातले सैनिक विकले. मृत्यूच्या पाठोपाठ त्याच्या स्मृतीचाही बाजार उभा राहिला. त्या बाजारात जांत्यूचा मुलगा मिळणारा नव्हता.

क्रझची जमीन निकस. तेथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या गवंडीकामासाठी पॅरिसला जात आणि हंगाम संपला की परतत. दुसऱ्यांची घरे बांधणारे हे हात खंदकात मातीमोल झाले, तेव्हा मागे राहिलेल्या घराचा हिशेब कोणाच्या खात्यावर मांडायचा, हाच त्या मुठीचा प्रश्न आहे. गावचे समाजवादी महापौर झ्यूल कुतो स्वतः युद्धातून परतलेले होते. सरकारी प्रतिनिधीने मात्र उद्घाटनाला येण्याचे नाकारले. जवळच्या ला कुर्तीन छावणीतील सैनिकांना या स्मारकासमोरून जाताना मान फिरविण्याचा हुकूम असे, असेही सांगितले जाते. त्याच शासनाने १९९० साली ते ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत घातले.

येथे समाजवाद्यांनी आत्मपरीक्षणही केले पाहिजे. ३१ जुलै १९१४ रोजी झां झोरेस यांची हत्या झाली. ४ ऑगस्टला फ्रान्समधील आणि जर्मनीतील, दोन्ही देशांच्या समाजवादी प्रतिनिधींनी आपापल्या संसदेत युद्धखर्चाला मान्यता दिली. सार्वत्रिक संपाने युद्ध थोपविण्याच्या घोषणा आठवड्याभरात विरल्या. म्हणजे ती मूठ केवळ सेनापतींवर आणि कारखानदारांवर रोखलेली नाही.

युद्धाला शाप देणे हा मृतांचा अवमान आहे, असा आक्षेप घेतला जातो. आपला मुलगा व्यर्थ गेला, हे कोणत्याही आईला ऐकवत नाही आणि कार्यकर्त्याने ते तिला बेदरकारपणे सुनावूही नये. पण जांत्यूने एकही नाव गाळलेले नाही. शाप नावांना नाही. ती नावे दगडावर आणणाऱ्या व्यवस्थेला आहे. या शापाने १९४० चे आक्रमण थांबले नाही, हेही खरे. दगड युद्ध थांबवीत नाही. संघटित माणसेच ते करू शकतात. दगड त्यांना स्मरण देतो, एवढेच.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. उत्तर फ्रान्समधील नव्ह-शापेल येथील १९२७ च्या स्मारकावर चार हजार सातशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. सातारा जिल्ह्यातील मिलिटरी अपशिंगे या एका गावाचे ४६ जण त्या महायुद्धात पडले. ब्रिटिश सरकारने आपल्या अनेक गावांत शिळा बसविल्या : किती गेले, किती मेले. ते का गेले, कोरडवाहू शेती आणि कर्ज यांनी किती जणांना भरतीच्या रांगेत उभे केले आणि मागे राहिलेल्यांनी दिवस कसे काढले, हे त्या शिळा सांगत नाहीत.

ते विचारणे कार्यकर्त्यांचे काम आहे. आपल्या तालुक्यातील अशा शिळेपाशी जा, नावे वाचा आणि त्या घरांची चौकशी करा. शांततेचा ठराव त्यानंतर लिहा.