मानवंदना कोणाला?

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या संचलनाची तयारी करणाऱ्या शालेय वाद्यपथकांसमोर किल्लारी येथे केलेले भाषण)



१७ सप्टेंबरच्या ध्वजवंदनासाठी आपल्या शाळांची पथके सज्ज होत आहेत. बिगूल, ढोल, झांजा आणि लेझीम यांच्या नादाने मैदान दुमदुमत आहे. तेज चालीत मिनिटाला १२० पावले पडतात आणि मोठ्या ढोलाचा ठोका डाव्या पावलावर यावा लागतो, हे आपल्या शिक्षकांनी आपणांस शिकविले आहे. ढोल वाजविणाऱ्याने घाई केली, तर सारी रांग विस्कळीत होते. ही शिस्त आपण आत्मसात केली, याबद्दल मी आपले अभिनंदन करतो. परंतु मंचासमोर येताच ‘दाहिने देख’ अशी आज्ञा होईल, तेव्हा आपली नजर नेमकी कोणाकडे वळणार आहे, याचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे.

त्या मंचावर स्वातंत्र्यसैनिकांची मानाची जागा असते. १९४८ साली जो तरुण अठरा वर्षांचा होता, त्याने आज वयाची नव्वदी केव्हाच ओलांडली आहे. दरवर्षी या रांगेतील खुर्च्या कमी होत आहेत. ज्यांच्यासाठी हे संचलन सुरू झाले, ते समोर नसतील, तेव्हाही आपली मानवंदना अर्थपूर्ण राहील काय, हा प्रश्न आपल्या पिढीपुढे उभा आहे.

त्याचे उत्तर इतिहासात सापडते. आज आपण ज्या मोकळेपणाने वाद्ये वाजवीत गावातून फिरतो, तो मोकळेपणा निजामाच्या राजवटीत आपल्या आजोबा-पणजोबांना नव्हता. ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकाने सार्वजनिक सभांवर बंधने घातली होती. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ साली, स्थापनेपूर्वीच, बंदी आली आणि ती १९४६ पर्यंत उठली नाही. त्याच १९३८ साली ‘वंदे मातरम्’ गाण्याचा आग्रह धरला, एवढ्यासाठी औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांना वसतिगृहे आणि महाविद्यालये सोडावी लागली. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. त्या विद्यार्थ्यांपैकी एक, श्री. पी. व्ही. नरसिंह राव, पुढे देशाचे पंतप्रधान झाले. विद्यार्थ्यांनी सामुदायिक गीत गाणे हाच तेव्हा अपराध होता. म्हणून विद्यार्थ्यांच्या वाद्यपथकाने या दिवशी मानवंदना द्यावी, यात मोठे औचित्य आहे.

शाळा आणि मुक्तिसंग्राम यांचे नाते आपल्या परिसराला तर विशेष जवळचे आहे. शेजारच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली. स्वामी रामानंद तीर्थ त्या शाळेचे मुख्याध्यापक होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी संस्थानात तिरंगा फडकविणारे स्वामीजी कारागृहात गेले, त्याआधी खेड्यातील मुलांना घडविणारे ते एक शिक्षक होते. नांदेड जिल्ह्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे १९४६ साली हुतात्मा झाले. जालना जिल्ह्यातील दगडाबाई शेळके यांनी हाती शस्त्र घेतले. अखेरीस १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल चौधरी यांच्या नेतृत्वाखालील भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गात शिरली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. देश स्वतंत्र झाल्यावर तेरा महिन्यांनी आपल्या दारात स्वातंत्र्य आले.

मित्रहो, किल्लारीच्या दृष्टीने सप्टेंबर महिन्याला आणखी एक तारीख जोडली गेली आहे. १९९३ च्या मुक्तिदिनानंतर अवघ्या तेरा दिवसांनी, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली असता, ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर व आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. त्या ढिगाऱ्यांतून माणसांना बाहेर काढण्यासाठी लष्कराचे जवान अहोरात्र राबले. १९४८ मध्ये या भागाच्या मुक्तीसाठी सैन्य आले, त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी ते प्राण वाचविण्यासाठी आले. सैनिक या शब्दाचा अर्थ किल्लारीला पुस्तकातून शिकावा लागला नाही. म्हणून आपली मानवंदना स्वातंत्र्यसैनिकांइतकीच आपल्या गावोगावच्या माजी सैनिकांनाही आहे, हे ध्यानी ठेवावे.

हे सारे स्मरण केवळ भाषणांतून टिकत नाही. त्यासाठी मी आपल्या शाळांना तीन विनम्र सूचना करू इच्छितो.

पहिली अशी की, प्रत्येक पथकाने नवी धून शिकण्यापूर्वी आपल्या गावातील अथवा पंचक्रोशीतील एका स्वातंत्र्यसैनिकाचे वा माजी सैनिकाचे चरित्र समजून घ्यावे. घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, त्यांनी सांगितलेले वहीत उतरवावे आणि ती वही शाळेच्या ग्रंथालयात जपून ठेवावी. भूकंपात अनेक घरांतील कागदपत्रे आणि छायाचित्रे नष्ट झाली. या भागात सांगणाऱ्याच्या स्मरणाचे मोल म्हणूनच अधिक आहे.

दुसरी सूचना अशी की, पथक मंचासमोरून जाताना शाळेच्या नावाबरोबर त्या व्यक्तीचे व तिच्या गावाचे नावही ध्वनिक्षेपकावरून जाहीर करावे. अन्न पोचविणाऱ्या, निरोप नेणाऱ्या आणि भूमिगतांना आसरा देणाऱ्या स्त्रियांची नावे यात आवर्जून यावीत, कारण ती सरकारी यादीत क्वचितच आढळतात.

तिसरी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जे वृद्धत्वामुळे मैदानावर येऊ शकत नाहीत, त्यांच्या दारी पथकाने जावे. तेथे मोठा ढोल वाजवू नये. संथ पावलांनी जावे, बासरीवर एखादी धून वाजवावी, सलामी द्यावी आणि दोन घटका त्यांचे बोलणे ऐकावे. त्या ज्येष्ठांना टाळ्यांपेक्षा ऐकणाऱ्याची गरज अधिक असते.

स्पर्धेतील ढाल एकाच शाळेला मिळते. गावाच्या इतिहासाची वही मात्र प्रत्येक शाळेला तयार करता येईल. मंचावरील शेवटची खुर्ची रिकामी होईल, त्या वर्षीही ‘दाहिने देख’ ही आज्ञा ऐकताच आपल्या डोळ्यांसमोर एक नाव, एक चेहरा आणि एक गाव उभे राहिले, तर हे संचलन सार्थकी लागले असे मी समजेन. त्या तयारीला आपण आजपासूनच लागावे, एवढी विनंती करून मी माझे भाषण पूर्ण करतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!