ओल टिकवा, माणसे टिकवा
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आम्ही कर्जत-खालापूरची माणसे. आमचा मुलूख भाताचा, पाऊस नको म्हणावे इतका. तुमचा कपाशी-ज्वारीचा, सगळी भिस्त आभाळावर. पण संघटनेचे दुखणे दोन्हीकडे एकच आहे. कार्यकर्ते येतात, दोन-तीन वर्षे राबतात आणि गळतात.

आमचा एक तरुण खालापूरच्या पाड्यांवर तीन वर्षे फिरला. मानधन चार-चार महिने थकलेले, पेट्रोल पदरचे. एके दिवशी तो कारखान्यात लागला. आम्ही बैठकीत म्हटले, "विकला गेला." वर्षभराने खोपोलीच्या एसटी स्टँडवर भेटला. म्हणाला, "पैशाची ओढाताण सोसली असती. पण तीन वर्षांत तुम्ही 'कुठे जा' एवढेच सांगितले, 'तुला काय वाटते' हे एकदाही विचारले नाही."

मालकशाहीविरुद्ध बोलणारे आम्ही, आमच्याच माणसांशी मालकासारखे वागलो होतो.

वास्तविक धडा आमच्याच तालुक्यात होता. माथेरानचे भाई कोतवाल वकील होते. १९४२ साली त्यांनी आझाद दस्ता उभा केला, विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते आणि मानिवलीचे हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. हे सगळे सांगतात. त्याआधी भाईंनी शेतकऱ्यांसाठी शाळा आणि धान्यकोठारे काढली, हे फार कोणी सांगत नाही. पुढे कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सनेही आदिवासींसाठी धान्यबँका चालवल्या. अशा कोठाराचा नियम साधा असतो. धान्य सगळ्यांचे, अडीनडीला उचल, सुगीला परतफेड. कणगीत किती आहे हे सगळ्यांना ठाऊक असेल तोवरच ते टिकते. संघटनेचेही तसेच आहे. आधी माणसाच्या चुलीची काळजी आणि हिशेबात त्याचा वाटा, मग त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा.

आम्ही चार गोष्टी सुरू केल्या. मानधन ठरल्या तारखेला. पैसे कमी पडले तर कपात सगळ्यांची, पहिली पुढाऱ्याची. हिशेबाची वही बैठकीत उघडी. मासिक बैठकीत पाड्यावर फिरणारा आधी बोलणार, पदाधिकारी शेवटी. लावणी-कापणीला कार्यकर्ता स्वतःच्या शेतावर, आणि बाई कार्यकर्ती दिवसाउजेडी घरी पोचेल अशीच बैठकीची वेळ.

तो तरुण परत आला नाही. ती चूक आमची, ती आम्ही भोगतो. पण आता कोणाला जायचे असेल तर तो आधी बैठकीत बोलतो, आणि पुष्कळदा बोलून झाल्यावर राहतो.

शेतीचे शिक्षण घेतलेले आम्ही, पण तुम्हाला ते शिकवायला नको. 'एक कोळपणी, अर्धे पाणी' असे तुम्हीच म्हणता. काळ्या रानात पाऊस पडूनही भेगांतून ओल उडाली तर कपाशी माना टाकते. कोळपणीने भेगा बुजतात, म्हणून ओल टिकते. कार्यकर्त्याच्या मनातल्या भेगाही वेळीच बुजवाव्या लागतात, पीक वाळल्यावर नव्हे.

म्हणून एकच मागणे. आजची बैठक उठण्याआधी प्रत्येक तालुक्याने गेल्या तीन वर्षांत गळालेल्यांची नावे काढावीत. येत्या महिन्यात दोघांनी त्यांच्या घरी जावे. परत या म्हणायला नव्हे, आमचे काय चुकले ते ऐकायला. आणि ऐकलेले पुढच्या बैठकीत जसेच्या तसे मांडावे.