सुटून आलेल्याच्या घरी
(प्लेनो, टेक्सास येथील मेळाव्यात केलेले भाषण)



शाआर हारहामीम सिनेगॉगच्या वर्धापनदिनानिमित्त आम्हा प्लेनोकरांनाही चार शब्द बोलायला सांगितले, याबद्दल मंडळाचे आभार. सिनेगॉगचा इतिहास सांगणारे जाणकार पुष्कळ आहेत. आम्ही आयुष्यभर रुग्णांची सेवा केलेल्या बायका, त्यामुळे आम्ही त्या इतिहासातली एकच बाजू उचलणार आहोत. ती अशी की, आपले हे सिनेगॉग एका सुटून आलेल्या युद्धकैद्याने बांधले आहे.

सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत होते. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात ते टिपूच्या कैदेत सापडले. टिपूच्या आईने रदबदली केली, 'बेने इस्रायल' हे नाव ऐकून जीवदान मिळाले, ही कथा आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. प्रत्येक घरी ती थोडी निराळी असते, आणि आम्हाला त्यात काही वावगे वाटत नाही. मंगळूरचा तह १७८४ साली झाला. सिनेगॉग मात्र उभे राहिले १७९६ साली. दुसऱ्याच वर्षी, सेफेर तोरा आणण्यासाठी कोचीनला गेलेले असताना, दिवेकर तिथेच वारले. त्यांच्या नावाची सॅम्युएल स्ट्रीट आजही मांडवीत आहे.

तह आणि सिनेगॉग यांच्या मधली बारा वर्षे कथेत एका वाक्यात संपतात. सुटले, नवस केला, सिनेगॉग बांधले. परिचारिकेच्या डोळ्यांना मात्र ती बारा वर्षेच दिसतात. कैदेतून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी नवस फेडायला उठत नाही. त्याला आधी जेवायला शिकावे लागते, झोपायला शिकावे लागते.

जेवणाचे तर अक्षरशः खरे आहे. १९४५ साली जपान्यांच्या छावण्यांतून सुटलेले काही कैदी एकदम भरपूर खायला मिळाल्यावर दगावले. उपाशी शरीरात अन्न अचानक गेले की रक्तातले क्षार, विशेषतः फॉस्फेट, झपाट्याने खाली येतात आणि हृदय दगा देते. म्हणून आधी थोडी पेज, मग मऊ भात, आणि तेही मोजून. आपल्या बायकांना हे पटवणे फार कठीण! घरी माणूस परत आला की आपण सान्दन, पुरणपोळी आणि मटण एकाच दिवशी करणार.

इथे प्लेनोत या विषयाचा एक मोठा दाखला आहे. पन्नाशीपुढच्या लोकांसाठी नगरपालिकेचे जे केंद्र आहे, त्याला सॅम जॉन्सन यांचे नाव आहे. आपल्यापैकी काहीजण तिथे व्यायामाला जातात आणि पाटी न वाचताच आत शिरतात. जॉन्सन हे वायुदलाचे वैमानिक. एप्रिल १९६६ मध्ये व्हिएतनाममध्ये त्यांचे विमान पाडले गेले आणि ते जवळजवळ सात वर्षे कैदेत होते. त्यातले साडेतीन वर्षांइतके दिवस एकांतवासात गेले. हे कैदी भिंतीवर बोटांनी टकटक करून एकमेकांशी बोलत. पाच ओळी, पाच रांगा, त्यांत इंग्रजी अक्षरे बसवलेली. फेब्रुवारी १९७३ मध्ये ते सुटले. पुढे इथे घरे बांधण्याचा व्यवसाय केला, १९९१ ते २०१९ पर्यंत अमेरिकन काँग्रेसमध्ये राहिले आणि २०२० साली प्लेनोतच वारले. त्यांचे राजकारण ज्याला पटेल त्याला पटो, आम्ही त्यात शिरत नाही. आम्हाला त्यांच्या पत्नीचे आणि तीन मुलांचे नवल वाटते. सात वर्षे घरचे सगळे निर्णय त्या बाईने घेतले. नवरा परत आला तेव्हा बँकेचे पुस्तक तिच्या हातात होते. अशा घरात सुटकेच्या आनंदाबरोबर दोघांचीही जागा बदललेली असते. हे शेजाऱ्यांनी समजून घ्यावे लागते.

त्या वेळच्या बायका गप्प बसल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. आरंभी सरकारने त्यांना तोंड बंद ठेवायला सांगितले होते. त्यांनी स्वतःची संघटना काढली, ती १९७० साली रीतसर नोंदली गेली. डॅलसचे उद्योगपती रॉस पेरो यांनी १९६९ च्या नाताळात कैद्यांसाठी भेटी भरून विमान पाठवले. हानोईने ते उतरू दिले नाही, पण साऱ्या जगाचे लक्ष कैद्यांकडे गेले. एकूण ५९१ अमेरिकन कैदी १९७३ साली परतले. फ्लोरिडात पेन्साकोला येथील मिचेल केंद्र त्यांची तपासणी पुढे दशकानुदशके करीत आले. पण माजी कैद्यांचे काही आजार कैदेमुळेच झाले असे पुराव्याशिवाय धरून चालावे, असा व्यापक कायदा व्हायला १९८१ साल उजाडावे लागले. तुरुंगात केसपेपर कोण ठेवतो? जपानच्या कैदेतून आलेल्यांना तोवर छत्तीस वर्षे झाली होती.

आपल्या धर्मात ही गोष्ट फार आधी ओळखली आहे. रंबाम यांनी कैद्यांची सोडवणूक ही भुकेल्याला अन्न देण्याच्याही आधी ठेवली आहे. आणि सुटून आल्यावरची 'हागोमेल' बेराखा पाहा. समुद्र ओलांडून आलेला, वाळवंट पार केलेला, आजारातून उठलेला आणि कैदेतून सुटलेला, या चौघांनी ती म्हणायची. पण एकट्याने नाही. दहाजण समोर हवेत आणि त्यांनी उत्तर द्यायला हवे. म्हणजे सुटलेल्या माणसाने आभार मानायचे तरी जमात जागेवर पाहिजे! आपल्याकडे त्याला मलिद्याची जोड आहे. पोहे, खोबरे, फळे आणि एलियाहू हन्नाबीचे नाव. दिवेकरांनी त्या दहाजणांना बसायला कायमची जागा करून दिली, असे आम्हाला वाटते. मुंबईत त्याआधी आपले सिनेगॉगच नव्हते.

जे परत येत नाहीत त्यांच्या घरांचे काय? १९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेल्या भारतीय सैनिकांत फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे नाव आहे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. २००७ साली बेपत्तांचे नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले, पण कोणी सापडले नाही. अशा स्त्रीला आपल्या शास्त्रात 'अगुना' म्हणतात, अडकलेली. तिला मोकळे करता यावे म्हणून एकाच साक्षीदाराची साक्षही पुरेशी धरण्याइतके रब्बी सौम्य झाले. शेजारणी मात्र इतक्या सौम्य नसतात. तिने कुंकू लावावे की नाही, हसावे की नाही, यावर सगळ्यांचे मत असते.

आता आजच्या गोष्टीकडे येऊ. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी २५१ जणांना ओलीस धरून नेले गेले. जिवंत असलेले शेवटचे वीसजण १३ ऑक्टोबर २०२५ रोजी सुटले. लोद, अश्दोद, दिमोना येथे आपली नातीगोती आहेत. सुटून आलेला कोणाचा शेजारी आहे, कोणाच्या मुलाचा वर्गमित्र आहे. आघाडीवरून आलेली आपली स्वतःची मुलेही आहेत, ज्यांना दार आपटले तरी दचकायला होते. आमची स्पष्ट विनंती आहे की त्यांना व्यासपीठावर बसवू नका. 'काय काय सोसलेस?' असे विचारू नका. सांगायचे असेल तेव्हा ते सांगतील, बहुधा रात्री दोन वाजता आणि ज्याला सांगतील तो आपण नसू. त्याच्या आईला मात्र विचारा की ती जेवली का. बायकोला पेन्शनचे अर्ज भरायला मदत करा. मुलांना शाळेत पोहोचवा.

आपली जमात हारतुऱ्यात कधी कमी पडत नाही. पहिल्या महिन्यात घरात उभे राहायला जागा नसते. सहाव्या महिन्यात फोन वाजत नाही, आणि नेमक्या तेव्हाच झोप उडते, औषधे वाढतात, घरात भांडणे सुरू होतात. हे आम्ही वॉर्डात वर्षानुवर्षे पाहिले आहे. भेटीच्या वेळी पहिल्या आठवड्यात खाटेभोवती गर्दी, आणि नंतर फक्त नर्स.

म्हणून आम्ही प्लेनोतल्या भगिनींनी फोनची पाळी लावली आहे. नातेवाइकांकडून ज्या घरांची नावे कळली, तिथे दर आठवड्याला एकीने फोन करायचा, तिथली सकाळ सांभाळून. मराठीत बोलायचे, कारण तिथल्या वडीलधाऱ्यांना ते बरे वाटते. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. पहिल्या तीन महिन्यांसाठी नावे पुरेशी आली आहेत. ज्यांना लिहायचे असेल त्यांनी कृपया सहाव्या महिन्यापुढची पाने घ्यावीत. ती अजून कोरी आहेत.