आंदणातील किल्ला आणि चांदबिबी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



राजाराजांत तह व्हावा, तहाची खूण म्हणून मुलगी द्यावी आणि मुलीबरोबर शहर किंवा किल्ला आंदण द्यावा, हा फार जुना रिवाज आहे. यहुदी लोकांच्या धर्मग्रंथात, राजांच्या पहिल्या पुस्तकात, त्याचे ठळक उदाहरण आढळते. मिसरच्या फिरऔनने आपली मुलगी सुलेमान बादशहास दिली आणि गेजेर शहर तिला आंदण दिले. ते शहर सुलेमानांनी पुन्हा बांधले. जेरुसलेमच्या मंदिरास ७ वर्षे व राजवाड्यास १३ वर्षे लागली. फिरऔनच्या मुलीसाठी निराळा महाल उठला. या कामांवर वेठीची माणसे राबली. पुढे मुलगा रहबाम याने प्रजेचे ओझे हलके करण्याचे नाकारले आणि राज्याचे दोन तुकडे झाले.

हजरत सुलेमान (अ. स.) आपले पैगंबर आहेत. राण्यांच्या नादाने ते भलत्या देवांकडे वळले, असे ते पुस्तक म्हणते; सूरह बकरहमध्ये मात्र सुलेमानांनी कुफ्र केले नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. तो आरोप आपण मानीत नाही. मला निराळीच गोष्ट खटकते. मंदिर ६० हात लांब, २० हात रुंद, ३० हात उंच, एवढे माप त्या पुस्तकात नोंदलेले आहे. पण त्या मुलीचे नाव कोठेही नाही!

हाच रिवाज आपल्या अहमदनगरलाही, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, चालत असे. १५२४ मध्ये सोलापूर येथे बुऱ्हाण निजामशहाचा विवाह विजापूरच्या इस्माईल आदिलशहाच्या बहिणीशी झाला. सोलापूरचा किल्ला आंदण ठरला होता, तो मिळाला नाही, आणि सोयरे एकमेकांविरुद्ध रणांगणात उतरले. पुढे हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशहास दिली व तोच सोलापूरचा किल्ला बरोबर दिला. आदिलशहाची बहीण नगरच्या शहजाद्यास आली. या सोयरिकीच्या बळावर १५६५ मध्ये दख्खनच्या सुलतानांनी विजयनगरचा पराभव केला.

चांदबिबीचा जन्म १५५० चा मानतात. म्हणजे लग्नात ती जेमतेम चौदा वर्षांची. तिला कोणी विचारले असेल काय? परंतु ती शहाणी झाली होती. अरबी, फारसी, तुर्की, मराठी, कानडी या भाषा तिला येत, असे सांगतात. १५८० मध्ये पती वारल्यावर तिने अल्पवयीन इब्राहिम आदिलशहाचा कारभार सांभाळला. त्यापायी साताऱ्याच्या किल्ल्यात कैदही सोसली. पुढे ती माहेरी आली. १५९५ च्या अखेरीस मोगल शहजादा मुराद याने नगरला वेढा घातला. तिच्या वडिलांच्या कारकिर्दीत दगडाने बांधलेला भुईकोट सुरुंगाने फुटला, तेव्हा ती स्वतः खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा उभारून घेतला. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला व नगर वाचले. १६०० मध्ये मात्र संशयाने पेटलेल्या आपल्याच लोकांनी तिला ठार मारले. थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

बंधुभगिनींनो, वडिलांनी बांधलेला दगड फुटला. मुलीच्या अंगची अक्कल आणि हिंमत टिकली. शहराजवळच्या डोंगरावरील इमारतीस आपण चांदबिबीचा महाल म्हणतो, ती वस्तुतः सलाबतखानाची कबर आहे. लोकांनी नाव मात्र तिचे दिले. त्या फिरऔनच्या मुलीस महाल मिळाला, नाव उरले नाही. हिला महाल नव्हता, नाव राहिले.

आज तहासाठी मुली दिल्या जात नाहीत. पण चांगले स्थळ आले म्हणून दहावीतून मुलीचे नाव काढणारे पालक आपल्यात आहेत. दागिने, भांडी, कपाट यांची यादी आपण काळजीने करतो. त्या यादीत तिची पदवी का नसावी? संकटाच्या रात्री कपाट उपयोगी पडत नाही. तिला शिकवा, आणि लग्नाआधी तिचे मत विचारा. निकाहात तिची संमती आपल्या शरियतनेच आवश्यक मानली आहे.

अल्लाह आपणांस तशी तौफीक देवो. आमीन. खुदा हाफिज.