रज्जुमार्ग : चढावरच्या माणसासाठी



रज्जुमार्ग म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर रायगड उभा राहतो. कोलंबियातील मेडेयिन शहराने मात्र २००४ साली त्याला नगरवाहतुकीचे साधन बनवले.

हे शहर दरीत वसले आहे. मेट्रो रेल्वे तळाशी नदीकाठाने धावते आणि कष्टकऱ्यांच्या अनेक वस्त्या उभ्या चढावर आहेत. तेथील अरुंद गल्ल्यांत बसला वाट मिळणे कठीण. अशा सांतो दोमिंगो वस्तीतून निघालेला पाळणा थेट आसेवेदो मेट्रो स्थानकात उतरतो आणि प्रवासी त्याच भाड्यात पुढची गाडी धरतो.

या मार्गाची क्षमता एका दिशेस ताशी सुमारे ३,००० प्रवाशांची. रेल्वेपुढे ती अल्पच. रेल्वेरूपी नदीला मिळणारा हा ओढा आहे. त्या संगमातच त्याची सार्थकता. २०१० साली याच वस्तीतून पुढे आर्वी उद्यानापर्यंत नेलेल्या मार्गाला वेगळे तिकीट लागते; तो प्रामुख्याने सहलीचा.

तेव्हा रज्जुमार्ग आखणाऱ्या प्रत्येक नगराने आधी एवढेच पाहावे : चढावरच्या श्रमिकाची रोजची पायपीट त्याने वाचते काय? योजनेचे मोल त्यावरूनच ठरेल.